मुवाजनाकाका आणि माझी नोकरी

कुणाला नोकरी लागली की गल्लीतले सगळे पेढे मागत. मुवाजनाकाका आधी विचारत, "हाली की कलदार?" पेढा बोटांत धरून ठेवत आणि उत्तर मिळाल्यावरच तोंडात टाकत. हैदराबादेत तेव्हा निजामाचा हाली रुपया चाले आणि इंग्रजांचा कलदारही. कलदाराची किंमत थोडी जास्त. सरकारी पगार हालीत मिळे आणि काही खानगी कंपन्या कलदारात देत, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण काका तो लग्नाच्या पंगतीत विचारत, आजाऱ्याच्या उशाशी विचारत. एकदा तर मुलगी बघायला आलेल्या नवऱ्या मुलाला त्यांनी पोहे संपायच्या आत विचारला होता.

मुवाजना म्हणजे तुलना. हे नाव त्यांना मलकपेठेतल्या आमच्या गल्लीनं दिलं होतं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते उर्दूत असल्यामुळे गल्लीतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नसे. काका सरकारी हिशेब खात्यात कारकून होते. त्यांचे वडील आणि आजोबाही सरकारी दफ्तरातच म्हातारे झाले. काकांचं शिक्षण उर्दूत, दफ्तर उर्दूत. घरात मात्र अस्सल मराठी, अधूनमधून 'हौ' आणि 'नक्को' पेरलेली. ते माझ्या वडिलांचे जिवलग दोस्त आणि आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी.

तुलना करताना ते दोन्ही तळवे समोर धरत. डावा सरकारी, उजवा खानगी. डाव्यावर पहिल्या तारखेची तनखा, हक्काची रुखसत म्हणजे रजा, शुक्रवारची सुट्टी आणि म्हातारपणीचा वजीफा, म्हणजे पेन्शन. मग त्यातून स्वतःच्या खर्चानं शिवायची शेरवानी आणि डोक्यावरची दस्तार, कमरेचा पट्टा आणि साहेबाच्या घरच्या लग्नात राबणं वजा. उजव्यावर दिवाळीचं कापड आणि शेठजींची मर्जी. एका दुकानातल्या मुनीमाला त्यांनी माझ्या देखत विचारलं होतं, "शेठ शिव्या देतो? नुसत्या, की आईवरनं?" मुनीम म्हणाला, "आईवरनं, पण फक्त उन्हाळ्यात." काकांनी उजवा तळवा थोडासाच वर उचलला.

यात चहाटळपणा मुळीच नव्हता. लहान पोरं घड्याळ उघडून बघतात तशी त्यांना दुसऱ्याची नोकरी उघडून बघावीशी वाटे. एकदा चक्क रुखसत घेऊन ते अंबरपेठेच्या एका तेलगिरणीत दिवसभर बसून आले. संध्याकाळी तेलाचा वास मारत ओट्यावर येऊन म्हणाले, "तिथं घरी तेल फुकट नेता येतं. पण दुपारी डुलकी काढता येत नाही. आमच्या दफ्तरात काढता येते, फक्त दस्तार डोळ्यांवर यायला नक्को."

माझे वडील एका खानगी गिरणीत हिशेबनीस होते. ते अचानक गेले तेव्हा मालक स्वतः स्मशानात आला, ढसाढसा रडला आणि दोन महिन्यांचा पगार आईच्या हाती देऊन गेला. तिसऱ्या महिन्यापासून काहीच नाही. काका म्हणाले, "शेठ रडला, ते खरंच रडला. सरकार रडत नाही, पण अर्ज केला तर बायकापोरांना थोडं तरी देतं." आईनं हे वाक्य जन्मभर धरून ठेवलं.

धाकटा भाऊ शाळेत होता. घर चालवणं माझ्यावर आलं. मी एका खानगी मराठी मुलींच्या शाळेत शिकवू लागले. वर्गण्यांवर चालणारी शाळा. पगार कधी अर्धा मिळे, कधी पुढच्या महिन्यात. त्यातच एका सरकारी जनाना मदरशात, म्हणजे मुलींच्या शाळेत, माझी नेमणूक झाल्याचा निरोप आला. तिथं उर्दूतून गणित शिकवायचं. कायमची नोकरी, पहिल्या तारखेला पगार, पुढे वजीफा. न्यायला-आणायला पडद्याची गाडीसुद्धा. आठ दिवसांत रुजू व्हायचं होतं. आईनं देवापुढे साखर ठेवली. मला मात्र माझ्या वर्गातल्या पोरी सुटत नव्हत्या आणि हे तिला सांगायची हिंमतही होत नव्हती.

"काकांना विचार," आई म्हणाली. तिला उत्तर ठाऊकच होतं. काकांनी तळवे समोर धरले. डावा खाली गेला, जातच राहिला. उजव्यावर ठेवायला मी काहीच सांगू शकले नाही. तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "ठहरो सुमन. हे माझं न बघता झालं. तुझी शाळा मी पाहिलीच नाही."

आमच्या शाळेला रविवारची सुट्टी. सरकारी माणसाला शुक्रवार मोकळा. तेव्हा शुक्रवारी काका शाळेत आले, तेही शेरवानी, दस्तार आणि कमरेला पट्टा अशा पूर्ण दरबारी थाटात, कारण शाळेत जायचं म्हणजे नीट जावं असं त्यांना वाटलं. असा पोशाख करून न कळवता शाळेत येणारा माणूस एकच असे: मोहतमीम, म्हणजे सरकारी शाळा-तपासनीस. त्याच्या शेऱ्यावर शाळेची मंजुरी टिकायची. हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. काका म्हणाले, "मी मोहतमीम नाही हो." हेडमास्तर हसून आणखी वाकले, कारण अचानक तपासणीला येणारे मोहतमीम असंच म्हणत. कपाटामागचा उर्दू तक्ता धूळ झटकून भिंतीवर गेला. चहा मागवला गेला. आणि काकांना सन्मानानं थेट माझ्या वर्गात आणण्यात आलं.

मी तोंड उघडलं, तर हेडमास्तर काकांच्या पाठीमागून मला हातानं गप्प बसवू लागले. त्यांनी मराठीचं वाचनपुस्तक काकांच्या हातात दिलं. "आपणच मुलींना एखादा धडा वाचून दाखवा."

काकांनी पुस्तक उघडलं. उर्दू कागद पाण्यासारखा वाचणारा हा माणूस बाळबोध अक्षरांपुढे थांबला. एक शब्द जुळवला, दुसरा जुळवला, तिसऱ्याशी अडला. जोडाक्षर होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे बघू लागले. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या कमलनं, शेजारणीला सांगावं तसा, हळूच तो शब्द सांगितला. पुढचाही सांगितला.

काका रागावले नाहीत की लाजले नाहीत. त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "तू वाच." तिनं धडा घडघडा वाचला, पूर्णविरामापाशी श्वास घेत. काका तिच्या बोटाकडे बघत राहिले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"बाईंनी."

"आधी येत होतं?"

"नाही. आमच्या घरी कुणालाच येत नाही."

"मग घरी वाचून दाखवतेस?"

"आजी रोज वाचायला लावते," कमल म्हणाली. "तिचं ऐकून झालं तरी पुन्हा लावते."

बाहेर आल्यावर काकांनी हेडमास्तरांना आपण कोण ते पटवून दिलं. हेडमास्तर मटकन बाकावर बसले, मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. चहा आलाच होता, तो दोघांनी मिळून घेतला. काकांनी अर्थातच विचारलं, "तुम्हाला तनखा किती?"

"आधी बाईंची देतो. उरलं तर माझी."

"आणि नाही उरलं तर?"

"शिकवण्या करतो."

काकांनी यावर तळवे समोर धरले नाहीत.

संध्याकाळी आई वाट बघतच होती. काका उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, हे माझ्याच्यानं होत नाही. पोरीला विचारा."

आई कधी नव्हे ती त्यांच्यावर कडाडली. "उभ्या गल्लीला निकाल देता आणि आमच्यावर वेळ आली की अंग काढून घेता? वजीफा नसला की काय होतं ते मी भोगते आहे, तुम्ही नाही!"

"हौ वहिनी. तुम्ही बोलता त्यातला एक शब्द खोटा नाही," काका म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले.

मी सांगितलं, मी आहे तिथंच राहणार. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. घर चाललं, पण ओढाताणीत. भावाला कॉलेज अर्धवट सोडून दफ्तरात चिकटावं लागलं. सरकारी दफ्तरात, हे सांगायलाच नको.

काही वर्षांनी काका वजीफ्यावर निघाले आणि लगेच अंथरुणाला खिळले. मी शाळा सुटल्यावर रोज त्यांच्याकडे जाई. आवाज खोल गेला होता, कुतूहल मात्र तसंच होतं. वैद्यालासुद्धा त्यांनी औषधावर सुटतं किती ते विचारून घेतलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं.

"सुमन, खरं सांग. पस्तावतेस?"

दुसऱ्या कुणाला मी हसून उडवून लावलं असतं. त्यांच्याशी खोटं बोलवेना. "पस्तावते, काका. महिनाअखेर आली की पस्तावते. भाऊ दफ्तरातून थकून येतो तेव्हाही."

त्यांनी मान हलवली. उत्तर त्यांना पटलं होतं. मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "बरं. आता बाकीचे दिवस सांग."

मी सांगू लागले. त्या दिवशी वर्गात काय झालं, कोण हसलं, कोण रडलं, नव्या पोरीला पहिलं वाक्य कसं वाचता आलं. ते मधूनमधून 'हौ' म्हणत होते. पुढं 'हौ' यायचं थांबलं, तरी मी बराच वेळ सांगत राहिले.