बोटाला न लागलेली गाठ

बेंबळी गावात लग्न ठरलं की लोक आधी वीरप्पाला तारीख मोकळी आहे का विचारायचे आणि मग मुहूर्त बघायचे. मांडव त्याचाच पाहिजे. साठी ओलांडली तरी गडी स्वतः शिडीवर चढून कनात बांधायचा. "पोरं दोर ढिला सोडतेत," म्हणायचा. उभ्या आयुष्यात ताप-खोकल्यापलीकडं त्याला काही माहीत नव्हतं आणि त्याची त्याला जरा घमेंडही होती.

दुखणं होतं ते धोंडीबाला. धोंडीबा त्याचा शाळेपासूनचा सोबती. वर्षभर लघवीच्या त्रासानं बेजार झाला होता. एस्टीत बसायला भ्यायचा, भरल्या पंगतीतून उठून जायचा. पण दवाखान्याचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. शेवटी वीरप्पानं त्याला मोटारसायकलवर घातलं आणि धाराशिवला आणलं. तिथं रक्त द्यायची वेळ आली तसा धोंडीबा पुन्हा अडून बसला.

"आरं सुईला काय भ्यायचं? हे बघ, म्या बी देतो," म्हणत वीरप्पानं बाही वर सारली. डॉक्टरही हसले. "या वयात बघितलेलं बरंच," म्हणाले आणि दोघांचंही रक्त प्रोस्टेट ग्रंथीच्या पीएसए तपासणीला पाठवलं.

रिपोर्ट आले. धोंडीबाची ग्रंथी वयानं वाढली होती, गोळ्यांनी भागणार होतं. दुसरा कागद मात्र डॉक्टरांनी पुन्हा एकदा वाचला.

"वीरप्पा, तुमचा आकडा जास्त आलाय."

"नावं उलटी झाली असतील, साहेब. मला तर काहीच होत न्हाय."

नावं उलटी झालेली नव्हती. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं, आकडा आणखी वर. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटानं तपासलं, तर हाताला काही लागलं नाही. वीरप्पाला हायसं वाटलं, पण डॉक्टर काही मोकळं सोडेनात. "सोलापूरला जाऊन एमआरआय करून घ्या. जे बोटाला कळत नाही ते त्याच्यात दिसतं."

सोलापूरला सोबत बायको आली, नीलम्मा. तिचं माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं. घाबरली की ती आपसूक कानडीत बोलायची. त्या दिवशी सबंध वाटभर ती कानडीतच बोलत होती.

तिथल्या तंत्रज्ञानं सांगितलं, "अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. गळ्यातलं पण काढा."

वीरप्पाचा हात छातीवर गेला. गळ्यातल्या चांदीच्या करडगीत, म्हणजे डबीत, इष्टलिंग होतं, लिंगायतांनी अंगावर धरायचं शिवलिंग. दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. रोज पूजेला तळहातावर घ्यायचं आणि परत छातीशी. ते काढायचं म्हणजे काय, हेच त्याला कळेना.

"ह्यो आमचा जीव हाय, दादा."

"बाबा, आत मोठं चुंबक आहे. मला सोडता येणार नाही."

वीरप्पा बाकावरनं उठेना. मागं दुसरे पेशंट ताटकळले होते. मग नीलम्मानंच पदर पसरला. "द्या माझ्या हातात. तुम्ही बाहेर येईपर्यंत खाली टेकवणार न्हाय." वीरप्पानं दोरा गळ्यातून काढला आणि करडगी तिच्या ओंजळीत ठेवली.

आत त्याला त्या बोगद्यासारख्या यंत्रात सरकवलं. कानाला झाकण लावलं तरी डोक्यावर कुणी पत्रे बडवतंय असा दणदणाट. हलायचं नाही, असं बजावलेलं. मध्येच शिरेतून औषध सोडलं, ते गार गार दंडात चढलं. छाती रिकामी, हात रिकामे. सवयीनं त्यानं मनात मंत्र धरला, पण प्रत्येक दणक्याला तो तुटत गेला.

धाराशिवला परतल्यावर डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावलं. करड्या रंगात एक गडद डाग.

"हा पुढच्या बाजूला आहे. बोट मागून पोचतं, म्हणून लागला नाही. नुसत्या चित्रावरून नक्की म्हणता येत नाही. पण आता सुई नेमकी कुठं घालायची ते कळलं."

सुईनं तुकडा काढला. निकाल आला, कॅन्सर.

"एनायतु?" नीलम्मानं विचारलं. काय झालं? वीरप्पानं निकालाचा कागद तिच्यापुढं धरला. बाहेर धोंडीबा थांबला होता, दारातून ऐकून तो तर भिंतीला टेकून हमसून रडायलाच लागला. आपलं दुखणं याला चिकटलं असंच त्याला वाटत होतं.

"गाठ ग्रंथीतच आहे, बाहेर पसरलेली नाही," आत डॉक्टर सांगत होते. "घरात कुणाला झाला होता का?"

"न्हाय. आमच्यात कुणाला न्हाय."

"कुणाला शेवटी हाडं दुखायची, कंबर धरायची, असं?"

"व्हय साहेब, माझ्या भावाला." थोरला भाऊ, महालिंगप्पा. दोन वर्षं अंथरुणावर होता आणि त्यातच गेला. कंबर, मांड्या, पाठ, सगळं ठणकायचं. सगळ्यांनी वाताचं दुखणं म्हटलं. कधी कुठली तपासणी झालीच नाही.

"आता खात्रीनं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तसं असू शकतं. त्यांच्या मुलांना तपासून घ्या."

हे वहिनीला सांगायचं कसं? इरम्मा दारात तांदूळ निवडत होती. वीरप्पानं उंबऱ्यावर बसून जसंच्या तसं सांगितलं. तिचे हात सुपात तसेच राहिले.

"म्हंजे आमी तेल चोळत बसलो व्हय?" ती म्हणाली. "त्यांच्या हाडात ते हुतं, आन् म्या वरनं रगडत हुते?"

"वैनी, कुणालाच ठावं नव्हतं."

"ते म्हनायचे, हळू गं. म्या म्हनायची, जोरानं चोळल्याबिगर वात जात न्हाय."

संध्याकाळी तिनं जिल्ह्यातल्याच वाशीला दुकान चालवणाऱ्या विरेशला, तिच्या मुलाला, फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "उद्या काकासंगं धाराशिवला जायचं." विरेशचा आकडा ठीक निघाला. दरवर्षी तपासायचं ठरलं.

वीरप्पाचं ऑपरेशन सोलापुरात झालं, दुर्बिणीतून ग्रंथीच काढून टाकली. त्यानंतरचे महिने त्याला सगळ्यात जड गेले. खोकला आला, हसू आलं की लघवी सुटायची. ज्यानं गावाची लग्नं उभी केली तो कुणाच्याही लग्नाला जाईना. दार लावून बसायचा. धोंडीबा रोज यायचा, शेजारी बसायचा. हळूहळू ते आटोक्यात आलं.

पुढच्या तपासणीत आकडा जवळजवळ शून्यावर उतरला. "छान आहे," डॉक्टर म्हणाले. "आता तीन महिन्यांनी या." वीरप्पा खुर्चीतून उठला नाही. आतापर्यंत प्रत्येक कागदानं त्याला हादरवलं होतं. हा चांगला निघाला, तरी अंगातला धसका तसाच होता. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, तेव्हा नीलम्मानं त्याचा दंड धरला आणि त्याला उभं केलं.