साडूच्या घरचं मिलिंग मशीन

साडूच्या घरी मिलिंग मशीन आलं, ही बातमी मला बायकोनं नळावर दिली. मी पहिली पाळी करून आलो होतो आणि सायकल भिंतीला टेकवत होतो. घागर कमरेवर घेत ती म्हणाली, "धाकटीच्या दारात टेम्पोतनं कसलंसं मशीन उतरलंय. सगळी गल्ली लागली म्हणं उतरवायला. तुमाला बोलले न्हाईत व्हय?"

बोलला नव्हता.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा स्वतःचा जुना लेथ होता. पाळी सुटली की दिवेलागणीपर्यंत मी त्यावर पूर्व भागातल्या मागवाल्यांची कामं करायचो. शाफ्ट, बुश, पुल्या, जे गोल असेल ते. पण मागाच्या गिअरचा दात तुटला की माझा उपयोग संपायचा. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो. दात पाडायला कटर फिरावा लागतो आणि जॉब टेबलावर बसून त्याच्यापुढून सरकावा लागतो. ते काम मिलिंग मशीनचं. गिअर घेऊन आलेल्या माणसाला मी पुण्याचा पत्ता सांगायचो. तो निघून जायचा आणि पुढची सगळी संध्याकाळ माझी चिडचिड व्हायची.

मला मिलिंग मशीन हवं होतं. लग्नाच्याही आधीपासून हवं होतं. एकदा मुंबईला गेलो असताना जुन्या बाजारात मला एक डिव्हायडिंग हेड दिसलं. गिअरला जितके दात पाडायचे तितके सारखे भाग पाडून जॉब नेमका तेवढाच फिरवून देणारं ते जड यंत्र असतं. त्याला भोकांची एक तबकडी असते आणि एक हँडल. मशीनशिवाय त्याचा कवडीचा उपयोग नाही. तरी मी ते घेतलं, ग्रीस फासून गोणपाटात बांधलं आणि घरी आणून खाटेखाली सरकवलं. दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीला बायको ते धापा टाकत ओढून काढायची आणि विचारायची, "ह्याचं मशीन कदी येणार?" मी म्हणायचो, "येईल की."

आणि आलं ते साडूच्या घरी.

साडूचा धंदा जळालेल्या मोटारी भरायचा. टेंभुर्णीकडचे शेतकरी पंपाच्या मोटारी एसटीच्या टपावर टाकून त्याच्याकडे आणायचे. तांब्याच्या तारेत त्याचा हात चांगला होता, पण लोखंड कापण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याला मशीन मिळावं आणि मला मिळू नये, हे माझ्या घशाखाली उतरेना. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही नीट. बायको म्हणाली, "जाऊन बगून तर या." मी म्हणालो, "बोलावल्याशिवाय मी जात नसतो."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. "दाजी, चला की. कोल्हापूरचा एक कारखाना बंद पडला, तितनं उचललं. सांगायला येणार हुतो, पन टेम्पो म्होरं आला."

त्यांच्या पुढच्या खोलीत ते उभं होतं. तिथं आधी साडूच्या म्हाताऱ्या आईची खाट असायची. ती आता स्वयंपाकघरात चुलीशेजारी गेली होती. मशीन वाईट असावं अशी माझी फार इच्छा होती. मी टेबल ओढून पाहिलं, हँडल फिरवून पाहिलं, सरकपट्ट्यांवर नख फिरवलं. कुठं खड्डा नाही, कुठं ढिलेपणा नाही. कुणीतरी जिवापाड सांभाळलेलं विलायती मशीन होतं ते. बोटांना त्याचं तेल लागलं, ते मी सदऱ्याला पुसून टाकलं.

"कसंय?" साडूनं विचारलं.

"बरंय," मी म्हणालो.

"तुमीच बसवून द्या. मला ह्यातलं काय कळतंय?"

नाही म्हणता आलं असतं. पण ते मशीन वेडंवाकडं बसलेलं माझ्यानं बघवलं नसतं. म्हणून रोज पाळी सुटली की मी स्वतःचा लेथ सोडून त्यांच्या घरी जाऊ लागलो. फरशी फोडली, खड्डा घेतला, त्यात पायाचे बोल्ट उभे करून काँक्रीट भरलं. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, आणि काँक्रीट तर ओलं ठेवायला हवं होतं. मेहुणी गोणपाट भिजवता भिजवता म्हणायची, "दाजी, पोरींच्या आंगोळीचं पानी हे पितंय!" पण म्हणताना हसायची. ते हसूही मला टोचायचं. माझ्या घरी असतं तर माझी बायको अशीच हसली असती.

काँक्रीट धरल्यावर चारी कोपऱ्यांखाली लोखंडी पाचरी सारल्या आणि टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा इकडं जायचा, तिकडं जायचा. एक पाचर केसभर ठोकायची, पुन्हा बघायचं. साडू कंटाळून म्हणाला, "चालंल की एवढं." मी त्याच्यावर ओरडलोच. "एवढंतेवढं चालवायचं असंल तर भाजीचा गाडा घ्यायचा हुता!" बुडबुडा मधोमध थांबला तेव्हा मी हातोडी खाली ठेवली. इतकं सुरेख बसवलेलं मशीन आयुष्यात माझ्या हातून झालं नव्हतं, आणि ते माझं नव्हतं.

मग मोटारीचं निघालं. मशीनची मोटार जळकी होती. मला वाटलं, आता अडला. पण साडूनं ती मांडीवर घेतली, जुनी तार काढली आणि नवी भरायला बसला. त्याची बोटं इतकी हलकी, इतकी सफाईनं चालत होती की मी चहा निवेपर्यंत बघत राहिलो. मागांसाठी गल्लीत थ्री-फेज वीज होतीच. पहिल्यांदा चालू केली तेव्हा मोटार उलटी फिरली. त्यानं हसत दोन तारांची अदलाबदल केली आणि ती सुतासारखी सरळ झाली. आवाज असा की मांजराच्या पिल्लाचा असावा. आता मला मशीनचा हेवा वाटत होता, आणि वर त्याच्या बोटांचाही.

हळूहळू बाकीचं सामान जमलं. कटर धरणारा दांडा मशीनबरोबर आलाच होता. जॉब आवळून धरणारा व्हाइस मी गिरणीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडून मिळवून दिला आणि डायल गेज लावून काटकोनात बसवला. टेबलाच्या खाचेत बसणारे बोल्ट माझ्याच लेथवर केले. गिअरचे कटर साडूनं पुण्याहून आणले. मशीन सजत चाललं तसतसा मी घरी तिरसट होत चाललो. "तितं जाऊन येता आनि हितं आमच्यावर राग," बायको म्हणायची.

एका संध्याकाळी एक मागवाला तुटका गिअर घेऊन साडूच्या दारात आला. चादरीचे माग होते त्याचे. घरात तेलुगू बोलायचा, आमच्याशी मराठी. "मिस्त्री, मशीन आलं म्हणे. आता पुण्याला कशाला जायचं?" साडूनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "डिव्हायडिंग हेड न्हाय ह्यांच्याकडं. त्याबिगर दात न्हाय पडायचे." मागवाला हिरमुसून उभा राहिला.

साडूनं गिअर त्याच्या हातातून घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं हाय म्हणं एक. खाटंखाली."

बहिणी बहिणी बोलल्या होत्या. लपवण्यात अर्थ नव्हता आणि मला लपवायचंही नव्हतं. "हाय," मी म्हणालो. "पन देणार न्हाय."

मेहुणी चहाचे कप घेऊन दारातच थांबली. मला वाटलं आता साडू भडकेल, मग इतके दिवस राबलात कशाला असं विचारेल, किंवा नातं काढेल. त्यानं मान हलवली. "बराबर हाय. मी बी दिलं नसतं."

"का?" मीच विचारून बसलो.

"तुमच्या शेडपुढं सायकली लागलेल्या मी रोज बगायचो, दाजी. माझ्याकडं येनार जळकी मोटार, तोंड वाकडं करून. तुमच्याकडं मान्सं बसायची, बिड्या वडायची, तुमाला मिस्त्री म्हनायची. लई जळायचो मी. म्हनून तर हे घेतलं." त्यानं मशीनवर हात ठेवला. "आता ते तुमच्याच हातानं बसलं आनि तुमच्यावाचून अडलं. हाय की न्हाय गंमत?"

मला हसू आलं नाही. माझ्या मोडक्या लेथवर कुणी जळत असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. ते ऐकून बरं वाटलं, हे मात्र खरं. इतकं बरं वाटलं की मी चहा पूर्ण प्यायलो. पण हेड द्यायचं नाही हे कायम होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई काठी टेकत बाहेर आली. तिला कमी ऐकू यायचं, पण नेमकं हवं ते ऐकू यायचं. "पावणं," ती मला म्हणाली, "ह्या ढिगाऱ्यापायी माजी खाट चुलीपशी गेली. समदा धूर माज्या नाकात. आता हे नुसतं हुबं ऱ्हानार आसंल तर भायेर काडा आनि माजी जागा मला द्या. न्हाईतर चालवा. दोनातलं कायतरी एक करा की."

मी म्हणालो, "मावशी, देणार न्हाय. पन रविवारी आणतो आनि मी सोता दात पाडतो. काम झालं की माघारी नेणार."

"न्हे की," म्हातारी म्हणाली. "कोन खातंय ते?"

रविवारी सकाळी मी गोणपाट सोडलं. ग्रीस पुसताना बायको शेजारी येऊन बसली आणि चिंधी रॉकेलमध्ये धुऊन देत राहिली. सायकलच्या कॅरिअरवर हेड बांधलं आणि चढ-उतार हातानं ढकलत नेलं. गिअरचा कच्चा गोल मी आदल्या दिवशी माझ्या लेथवर काढून ठेवला होता. हेड टेबलावर बसवलं, गोल चढवला, तबकडीवर हिशेब लावला. पहिला दात पडला तेव्हा कटरखालून लोखंडाचा कढत कीस उडाला आणि माझ्या मनगटाला चिकटला. मी तो झटकला नाही. एक खाच, हँडल, पुढची खाच. शेवटचा दात पहिल्याला असा येऊन मिळाला की कुठून सुरुवात केली ते मलाच सापडेना.

सोमवारी मागवाला पेढे घेऊन आला. मी तिथंच होतो. "बागुंदी! लई बागुंदी!" तो म्हणत होता. म्हणजे छान झालं, लई छान झालं. आणि पेढा त्यानं साडूच्या तोंडात भरवला, कारण मशीन साडूचं. मला कागदातला हातावर मिळाला.

त्यानंतर बरेच रविवार असेच गेले. सकाळी हेड न्यायचं, संध्याकाळी आणायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, "निगाली का सासरवाशीण माघारी?" तिथंच ठेवा म्हणून साडू एकदाही बोलला नाही. मी दात पाडायचो तेव्हा तो मागं उभा राहून बघायचा, आणि त्याची ती हलकी बोटं नुसती हवेत हलत असायची.

मग त्यानं नवं हेड आणलं. माझ्या दारात येऊन अगदी आनंदानं सांगितलं, "आता तुमाला वज्जं वाहायची गरज न्हाय, दाजी." मी "बरं झालं" म्हणालो. त्या रविवारी मी घरीच राहिलो. लेथ पुसला, पुन्हा पुसला. दुपारी खाटेवर पडलो तर खालचं हेड पाठीत टोचल्यासारखं वाटत होतं. आता ते कुणालाच नको होतं.

ऊन कलल्यावर साडू आला. हातात गिअर होता. "शेवटचा दात बारीक पडलाय. का पडला?"

मी गिअर उजेडात धरला. सगळे दात स्वच्छ होते आणि एकच उपाशी माणसासारखा. "हँडल म्होरं गेलं आसंल आनि तुमी तसंच माघारी आणून भोकात बसवलं," मी म्हणालो. "आतल्या गिअरला ढील आसती. भोक चुकलं तर लई मागं जायाचं, आनि परत म्होरं येत येत बसवायचं."

"व्हय, गेलं हुतं म्होरं," तो म्हणाला. "चला, बगा मी करताना."

मी गेलो. त्यानं नवा गोल चढवला आणि मी त्याच्या जागी, मागं उभा राहिलो. तारेवर चालायची तशीच त्याची बोटं हँडलवर चालली. माझ्याहून भरभर आणि माझ्याहून शांत. मी मनात म्हणत होतो, एखादा दात चुकू दे. एकही चुकला नाही. म्हातारी दारातून बघत होती. तिनं विचारलं, "पावणं, जमलं का माज्या लेकाला?" मला खरं सांगावं लागलं. "जमलं, मावशी."

पुढं त्याचे गिअर इचलकरंजीपर्यंत जाऊ लागले. गोल काढून द्यायचं काम तो माझ्याकडेच द्यायचा, दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. माझा लेथ त्यावर चांगला चालला. बायका खूश होत्या, सणाला एकमेकींकडे जेवणं होत होती. माझ्या आत मात्र काहीतरी सलत राहायचंच. सकाळी त्यांच्या गल्लीतून जाताना त्या मोटारीचा मऊ आवाज आला की मी सायकल जोरात मारायचो.

काही वर्षांनी पंढरपूरला सासरकडच्या एका लग्नात पंगतीत माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी माझी चौकशी केली. मी काही बोलायच्या आत समोरच्यानं सांगितलं, "हे व्हय? सोलापूरच्या त्या गिअरवाल्यांचे साडू."

"असं का!" गृहस्थ एकदम आदरानं म्हणाले.

पलीकडच्या ओळीत साडू वाकून कुणाला तरी वाढत होता. मी आमच्या ओळीतल्या वाढप्याला हाक मारली आणि माझ्या वाट्याची जिलबी मीच मागून घेतली.