बिब्ब्याची खूण

मी संशयी माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. वीस वर्षं कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेली, ती खोड घरीही आली. त्यामुळे १९७९ साली पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुलाबाई पगारे यांनी लॉन्ड्री काढली, तेव्हा सगळ्यांत आधी नाक मुरडलं ते मी.

सुलाबाई दवाखान्यात आया होत्या. विधवा, करड्या आवाजाच्या. कायमची नोकरी सोडून बाई इस्त्री हातात घेते, इथेच मला पाणी मुरतंय असं वाटलं. त्यात कामाला ठेवलेली माणसं पाहा. एक त्यांचा धाकटा भाऊ पुंजा, तिशीचा. तो कुणाच्या नजरेला नजर देत नसे आणि विचारलेला प्रश्नच उत्तर म्हणून परत करी. दुसरा जुन्या नाशकातला अन्सार, पुढेमागे झुलत दिवसभर रुमालांच्या घड्या घालणारा. गल्ली दोघांना सरळ वेडे म्हणायची. असल्या माणसांच्या तऱ्हेला काही नाव असतं, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाई यांना फुकट राबवते किंवा कसली तरी सरकारी मदत लाटते, असं मी ठरवूनच टाकलं होतं. एकदा कपडे द्यायच्या निमित्ताने खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, ड्यूटीवर जाताना पुंजाला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावावी लागायची. अकरा वर्षं लावली. त्याला कुणी काम देईना, म्हणून त्याला जमेल असा धंदाच काढला. अन्सारचीही घरी तीच गत होती. दोघांना दर शनिवारी पगार मिळतो, हेही त्यांनी सांगितलं. माझा अर्थात विश्वास बसला नाही.

त्यांची पद्धत अशी. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली, आणि ती कपड्याच्या आतल्या कोपऱ्यात बिब्ब्याने काढायची. बिब्ब्याचा डाग धुऊन जात नाही. कपडा आला की पुंजा कोपरा चाचपायचा. खूण नसेल तर काढायची, असेल तर त्या घराच्या कप्प्यात कपडा ठेवायचा. कपडा कुणी आणून दिला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

१९८३ च्या लग्नसराईत माझ्या बायकोची अंजिरी रंगाची साडी लॉन्ड्रीतून परत आली नाही. दोन खेपा झाल्या, साडी नाही. मी तर असं काही व्हायचीच वाट बघत होतो. मी गल्लीतली चार माणसं जमवली आणि बायकोला घेऊन दुकानात गेलो. वेड्यांच्या हाती कपडे दिले की दुसरं काय होणार, असं मोठ्याने बोललो. ऐकून दोन बायांनी आपली गाठोडी उचललीसुद्धा.

सुलाबाईंचा चेहरा उतरला. चोरीचा शिक्का बसला की दुकान बंद, आणि दुकान बंद झालं की पुंजा आणि अन्सार पुन्हा कडीच्या आत. हे मलाही कळत होतं, तरी मी कप्पे उपसायला लागलो. साडी सापडली ती नवसाबाईंच्या कप्प्यात. नवसाबाई मागच्या गल्लीतल्या. महिन्याभरासाठी लेकीकडे नांदगावला गेलेल्या, म्हणून त्यांचा कप्पा भरून पडला होता.

मी साडी सगळ्यांना दाखवली. सुलाबाईंनी भावाला शांतपणे विचारलं, ही कुणाची? पुंजाने कोपरा उलटा करून दाखवला.

"तीन टिंबं, एक रेघ. नवसाबाई."

खूण होती. जुनी, पक्की. ती पाहिली आणि मी वर धरलेली साडी खाली घेतली. साडी मालेगावच्या मोठ्या दुकानातून आणली, असं मी बायकोला सांगितलं होतं. खरी आणली होती गोदाकाठच्या बाजारातून, बोहारणीच्या ढिगातून. नवसाबाईंनी ती एखाद्या पातेल्यावर देऊन टाकली असणार. नवी दिसली म्हणून मी घेतली, कोपरा काही पाहिला नाही.

लोक माझ्याकडे बघत होते. बायको शेजारीच उभी. पुंजाची चूक झाली म्हणालो असतो, तर सगळे मान डोलावून घरी गेले असते. पुंजा तेच म्हणत राहिला, नवसाबाई, नवसाबाई. सुलाबाई भावाकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"त्याचं बरोबर आहे," मी शेवटी म्हणालो. "साडी जुन्या बाजारातली आहे. मी खोटं बोललो होतो."

बायको निघून गेली. बायांनी गाठोडी परत ठेवली. पुंजाने माझ्या हातातून साडी घेतली, घडी केली आणि पुन्हा नवसाबाईंच्याच कप्प्यात ठेवली.

सगळे पांगल्यावर मी सुलाबाईंना विचारलं, खूण बघताच तुमच्या सगळं ध्यानात आलं होतं, मग तुम्हीच का नाही बोललात?

"मी बोलले असते तर भावाला वाचवायला बाई खोटं बोलते म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "तुमच्याच तोंडून यायला हवं होतं, भाऊसाहेब. पण तुम्ही एकदा खरं बोलेपर्यंत माझा भाऊ सात वेळा खरं बोलला."