दोन पेरं पाणी

आमचे अंकल भित्रे होते. बायको सोडून सगळ्याला घाबरतो, असं ते स्वतःच सांगत, तेही आंटी घरात नसतील तेव्हा.

परदेशात, वॉन गावी, त्यांच्या घराच्या बेसमेंटला मी चार वर्षं भाड्याने राहिलो. माणूस मूळचा वसईचा, इथल्या एका वेअरहाऊसमधून रिटायर झालेला. ओठांवर सदा एकच प्रश्न, "पुरंल ना?" गाडीतलं पेट्रोल पुरंल ना, दारातल्या बर्फावर टाकायचं मीठ पुरंल ना, चार पाहुण्यांना दहा माणसांचं डुकराच्या मटणाचं सोरपोटेल पुरंल ना. सगळ्यात मोठी धास्ती पाण्याची. लहानपणी उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी खारट व्हायचं आणि आई हंडा घेऊन दारोदार फिरायची. समुद्राएवढं तळं जवळ असलेल्या गावात येऊनही ती धास्ती गेली नाही. स्नोस्टॉर्मची वॉर्निंग आली की अंकल आधी बाथटब भरून ठेवत.

मग पाणीच त्यांच्यावर उलटलं. हृदयाची झडप बिघडली आणि पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. डॉक्टरांनी प्यायचं पाणी मोजून दिलं. "बघ रे," ते मला म्हणाले, "जन्मभर विहीर मागितली, देवानं ती पायात पाठवली." मी हसलो. त्या हिवाळ्यात ऑपरेशन ठरलं.

तेव्हा त्यांनी बियर करायला काढली. आजवर डब्यातला तयार पाक पाण्यात कालवून करायचे. या खेपेला मोड आणून वाळवलेला, भरडलेला जव आणला. "आता अस्सल करायची. ती तयार होईल तोवर मी पण घरी. पहिला घोट माझा." हा त्यांचा देवाशी सौदा होता. बियर बिघडली तर आपणही परत येत नाही, हे त्यांनी मनात धरलंय, हे आंटींना कळत होतं आणि मलाही. म्हणून त्या पातेल्याची आम्हा तिघांनाही भीती वाटायची.

गराज अर्धं उघडं ठेवून आम्ही बर्नर पेटवला. पातेलं मी उचलायचं, अंकलनी फक्त सांगायचं, असा आंटींचा हुकूम. पाणी किती घ्यायचं याचा हिशेब करू या, असं मी म्हटलं. "हिशेब कसला? तांदळावर एक पेर पाणी. जव जाड, म्हणून दोन पेरं." पाणी कढत असल्याने त्यांनी लाकडी पळीवर बोट धरून खूण केली आणि तेवढंच घालायला लावलं.

तासाभराने पातेल्याच्या तळाची तोटी उघडली. सोनेरी धार आली, बारीक झाली आणि थांबली. भातात पाणी जिरवायचं असतं, इथे ते परत हवं होतं. जवाने बहुतेक सगळं पिऊन टाकलं होतं.

अंकल पांढरेफटक पडले. रचून ठेवलेल्या टायरांवर बसले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "संपलं," ते म्हणाले. "पुरलं नाही." मी फोन हातात घेतला आणि आंटींना हाक मारली.

आंटी स्वेटर ओढत आल्या. आधी नवऱ्याची नाडी बघितली, मग पातेल्यात डोकावल्या. "पास्कू, नारळाचं दूध एकाच पाण्यात काढतोस काय? दुसरं पाणी घाल की!"

अंकलनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. मी जवावर हळूहळू गरम पाणी ओतत गेलो, धार पुन्हा सुरू झाली. दुपारी तो गाळलेला रस उकळून झाल्यावर त्यांनी मलाच शिकवलं, "हवी तेवढी बियर धर. त्यात जव पिईल ते मिळव, वाफेनं जाईल ते मिळव, गाळात अडकेल ते मिळव. आधी जाणारं मोजायचं बाबा, मग ओतायचं."

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून त्यांनी माझं मनगट धरलं. "पुरंल ना रे?" काय, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मी म्हणालो, "पुरेल, अंकल." त्यांची बोटं गार होती.

ते परत आले नाहीत.

बियर मात्र झाली. आंटींनी आणि मी ती बाटल्यांत भरली. अंकलच्या नावच्या प्रार्थनेनंतर चर्चमधून सगळे घरी आले, अर्धी वसई लोटली असावी. आंटी स्टीलच्या पेल्यांत ओतत होत्या आणि मी एकेक बाटली पुढे करत होतो. दारातून माणसं येतच होती. पेटीतल्या बाटल्या मोजता मोजता माझ्या तोंडून निघून गेलं, "आंटी, पुरेल ना?"

त्या ओतत राहिल्या. सगळ्यांना मिळाली, पेटीत एक बाटली उरली. आंटींनी ती दोन्ही हातांनी उचलून पदराने पुसावी तशी स्वेटरच्या बाहीने पुसली.

"उरली," त्या म्हणाल्या. "जन्मभर उगाच घाबरला."