नानांच्या समुद्रावरचा फेस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – मुलालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही.

धुळ्याचे नाना माझे चित्रकलेचे शिक्षक. तीनेकशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकारावर त्यांचा फार जीव. तो आयुष्यभर समुद्र आणि जहाजंच रंगवत राहिला; लढाईत तोफा सुटत असताना होडीतून मध्ये जाऊन रेखाटनं करायचा. हे सांगताना नानांचा आवाज चढायचा. त्यांनी स्वतःही एक मोठं चित्र वर्षानुवर्षं केलं – वादळातलं जहाज. रंगाचा एकेक पातळ थर देत, सावकाश.

माझा मुलगा हॉलंडला नोकरीला लागला. मी जळगावहून त्याच्याकडे निघाले तेव्हा नानांनी एकच काम सांगितलं. "तेना चित्रमा फेस जाड शे का पातय, इतलंच देखी ये, माय." त्या चित्रकाराचं वादळातलं एक चित्र तिथल्या संग्रहालयात आहे; मोबाइलवर ते दिसतं, पण फेसाचा रंग जाड की पातळ ते कळत नाही – म्हणून.

मी पाहिलं नाही. आजारी होते? नाही. पाऊस होता? तोही नाही. संग्रहालयाच्या दारापर्यंत गेले, रांग पाहिली आणि – कंटाळले. मुलाला म्हटलं, चल, बाजारात जाऊ.

परतल्यावर नानांनी विचारलं. पाहिलं नाही, एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणाले, "जाड आहे, नाना. बोटाला लागेल इतका."

ते उठून आपल्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मंग मीच चुकनू."

पुढच्या खेपेला धुळ्याला गेले तर त्यांनी आपल्या चित्रातला सगळा फेस सुरीनं खरवडून काढला होता. त्या जागी ट्यूबमधला पांढरा रंग थापलेला. लाटा चुना ओतल्यासारख्या. जहाज त्यात रुतून बसलेलं. "तसंच शे ना?" माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं. तेव्हा तरी – ?

"हुबेहूब," मी म्हणाले.

गेल्या वर्षी पुन्हा हॉलंडला गेले. या वेळी एकटीच संग्रहालयात शिरले, त्या चित्रासमोर उभी राहिले. फेस इतका पातळ, की खालच्या लाकडी फळीच्या रेषा दिसत होत्या. नानांचा होता तसाच – माझं ऐकून त्यांनी खरवडला, त्याच्या आधी.

आल्यावर धुळ्याला गेले. सांगायचं ठरवूनच गेले. शेजारचे आबा आले होते, नाना त्यांना चित्र दाखवत होते. "हिनी सोताना डोयासघाई देखेल शे," माझ्याकडे बोट करून नाना म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं – खरंच, स्वतःच्या डोळ्यांनी?

मी होकाराची मान हलवली. चहा प्यायले, बसनं जळगावला आले.

नाना अजून आहेत. अजून फोन करतात, मीही बोलते – हवापाण्याचं, पोराबाळांचं.