आमचा गुरुवार

बळेपेटेतल्या त्या बोळात कॉलेजच्या मुलांना नावं नव्हती, वार होते. बाहेरगावाहून बंगळूरला शिकायला आलेल्या गरीब मुलानं सात घरं धरायची, आणि प्रत्येक घरी आठवड्यातून एक दिवस जेवायचं, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे एकच मुलगा एका घरी सोमवार असे, दुसऱ्या घरी गुरुवार. हे वार लावून देण्याचं काम सुशीलाबाईंचं. नवरा शामसुंदरराव टोप्यांचं दुकान चालवीत. घराला बंगळुरात तीन पिढ्या झालेल्या.

"एका मुलाला जेवायला घालाल का?" असं त्या कधीच विचारत नसत. दारात उभ्या राहून म्हणत, "अक्का, तुमचा कुठला वार मोकळा आहे?" मग नाही म्हणायला जागाच उरत नसे.

सहासष्ट साली धान्याची टंचाई आली, आणि घरात माणसं किती ते बघून रेशन मिळू लागलं. वाराच्या मुलाचं नाव कुणाच्याच कार्डावर नव्हतं. तरी बोळातल्या कुणी त्याला स्पष्ट नकार दिला नाही. समोरच्या भाग्यलक्ष्मी अक्कांनी सोमवारचा उपवास धरला. शेजारणीनं मंगळवार धरला. बोळात एवढा धर्म पूर्वी कधी वाढला नव्हता.

सुशीलाबाईंचा गुरुवार म्हणजे बसवंत, निपाणीकडचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचे गुरुवार आणि शनिवार तेवढे उरले. परीक्षा तोंडावर होती. तो रेशन ऑफिसात गेला, तर तिथल्या कारकुनानं विचारलं, "चूल कुठं आहे?" एका चुलीला एक कार्ड. खोलीचा मालक खोलीत स्टोव्ह पेटवू देत नव्हता. वसतिगृहाला धान्य वेगळं मिळे, पण तिथं जागा नव्हती.

सुशीलाबाईंनी त्याला आपल्या कार्डावर घालायचं ठरवलं. युक्ती भाग्यलक्ष्मी अक्कांनीच दिली. "बहिणीचा मुलगा म्हण. कोण बघायला जातंय?"

"मला बहीण कुठं आहे?"

"ते रेशन ऑफिसला काय ठाऊक?"

शामसुंदररावांनी ऐकून घेतलं. "नसलेली मेहुणी मला चालेल," ते म्हणाले. "पण तिचं नाव काय ठेवलंस?"

"शालन."

"बरं आहे. माहेरपणाला मात्र बोलावू नकोस."

अर्ज गेला. बसवंतला यातलं काही सांगितलं नाही. उगीच मिंधेपणा वाटेल पोराला, असं सुशीलाबाईंच्या मनात होतं.

चौकशीला इन्स्पेक्टर कृष्णमूर्ती आले ते नेमके गुरुवारी, जेवणाच्या वेळी. बसवंत ताटावर होता. सुशीलाबाई डावानं त्याच्या भातावर सारू वाढत होत्या.

"हा कोण?" कृष्णमूर्तींनी विचारलं.

"आमचा गुरुवार," सुशीलाबाई म्हणाल्या.

शब्द गेला आणि त्यांचा डाव तसाच हवेत राहिला. कृष्णमूर्तींना त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. ते भिंतीशी टेकले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "अक्का, मी पण वारावर शिकलो. मी एका घरचा बुधवार."

"मग तुम्हाला कळतंच आहे."

"कळतं, तीच अडचण. हा बाकीचे सहा दिवस सहा घरी जेवतो. तुमच्या कार्डावर सात दिवसांचं धान्य कसं देऊ?"

"सहा कुठली? एक उरलंय."

"ते कुठल्या कागदावर आहे?"

सुशीलाबाईंनी डाव खाली ठेवला. "तसा तो माझ्या बहिणीचाच मुलगा. घरात आपलं गुरुवार म्हणायची सवय."

कृष्णमूर्ती बसवंतकडे वळले. "आईचं नाव काय?"

"ठकुबाई," बसवंत म्हणाला.

अर्जात शालन होतं. शामसुंदरराव दारातून बाहेर बघू लागले. दोन वर्षं हा मुलगा या घरी जेवत होता, आणि त्याच्या आईचं नाव सुशीलाबाईंनी आज पहिल्यांदा ऐकलं.

"सरी, ठीक आहे," कृष्णमूर्ती म्हणाले. "खोटी माहिती दिली असं मी लिहीत नाही. एवढंच माझ्या हातात आहे." ते गेले.

सुशीलाबाईंनी बसवंतला रविवारही दिला. घरच्या धान्यात तेवढंच बसत होतं. पण आपल्यासाठी काय चाललं होतं हे आता त्याला कळलं होतं. पूर्वी गुरुवारी तो पुढच्या दिवसाचंही जेवून घेई. आता दुसऱ्या वाढपालाच ताटावर हात आडवा धरी.

"घे रे स्वल्प."

"पुरे, अक्का."

परीक्षेच्या आधीच तो गावी गेला. खोलीतल्या सोबत्यानं निरोप आणला: घरी राहून अभ्यास करतो, पेपरला येतो. पेपरला तो आला नाही.

जूनमध्ये कॉलेजं उघडली. धारवाडकडचा एक मुलगा कुणीतरी पत्ता दिला म्हणून दारात आला. "वार लावून देता म्हणे."

सुशीलाबाईंनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुझ्या आईचं नाव काय?"

त्यानं सांगितलं. त्या वार विचारायला उठून दारापर्यंत आल्या. समोर भाग्यलक्ष्मी अक्कांचं दार लोटलेलं होतं. त्या दिवशी सोमवार होता.