आजीला सर्दी लागतेय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना तर नाहीच — घरात कुणी शिंकलं की हे अजूनही त्या वर्षीचा दाखला देतात, आणि मी मुकाट्याने पोळी वाढते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या नात्यातले नाही म्हणून, बस.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात नवा फ्लॅट घेतला होता. ह्यांची प्रायव्हेट नोकरी, घरात केबल — मी तर हवेतच होते. त्यात धाकट्याचं पहिलं बोरन्हाण, आणि माझं हळदीकुंकू. सरोजिनी नगरच्यासुद्धा सगळ्या मराठी बायकांना आमंत्रणं गेलेली. सासूबाई — मी त्यांना आईच म्हणायचे — खास नागपूरहून आल्या, नातवासाठी हलव्याचे दागिने स्वतःच्या हातांनी करून — मुकुट, बाजूबंद, इवलीशी बासरीसुद्धा.

आणि दिल्लीकडचा तो जानेवारी! सोसायटीत घरोघरी ताप-खोकला. ह्यांनी फर्मान काढलं: ज्याला सर्दी, तो मागच्या खोलीत. कप वेगळा, टॉवेल वेगळा, बाळाला हात लावायचा नाही. बिल्कुल बरोबर होतं हो त्यांचं. पण नाक कुणाचं गळायला लागलं? माझं. आता मीच मागच्या खोलीत बसले तर बायकांना हळदीकुंकू कोण लावणार? मी बाथरूममध्ये नळ सोडून नाक शिंकरायचे. डोळे लाल का विचारलं, तर म्हणायचे, कांदा चिरला.

तेवढ्यात आमची थोरली — दिल्लीत वाढलेली, अर्धी हिंदीच बोलायची — बापाला म्हणाली, "बाबा, आजीला सर्दी लागतेय."

हिंदीत सर्दी म्हणजे थंडी. आजीला थंडी वाजत होती, एवढंच! नव्या फ्लॅटची फरशी गारठलेली, हीटर एकच, तोही बाळापाशी. ह्यांनी मात्र ते मराठीत ऐकलं, आणि आईंची रवानगी मागच्या खोलीत केली. मला कळलं होतं का? अहो, तत्क्षणी कळलं. पण तोंड उघडलं असतं तर आधी खोकलाच बाहेर पडला असता — नाही, हे खोटं. मला तोंड उघडायचंच नव्हतं.

आई सांगत राहिल्या, मला काहीही झालेलं नाही. ह्यांचं म्हणणं, म्हातारी माणसं दुखणं अंगावरच काढतात. मग काढा पाजला, डोक्यावर टॉवेल घालून वाफ दिली. वाफेनं कुणाचं नाक वाहत नाही सांगा? झालं, पुरावा मिळाला. वाफ दिली कुणी? मीच.

बोरन्हाण थाटात झालं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, पोरांची नुसती झुंबड. आई मागच्या खोलीच्या दारातून नाकाला पदर लावून बघत होत्या. बासरी उलटी लागलीय, म्हणून तिथूनच खुणा करत होत्या. आणि मी? बाळाला मांडीवर घेऊन पटापट मुके घेत होते, फोटो चांगले यावेत म्हणून.

दोन दिवसांत बाळ तापानं फणफणलं. छाती घरघरायला लागली, दूध ओढेना. त्याला घेऊन डॉक्टरांकडे पळालो. मी रडले, देवाला हात जोडले, सगळं केलं — खरं तेवढं बोलले नाही. बाळ बरं झालं. पण हे आपल्या आईशी धड बोलेनात.

आई परत निघाल्या तेव्हा त्यांनी बाळाला घेतलं नाही. दारातूनच डोळे भरून बघितलं आणि मला म्हणाल्या, "माझ्यामुळं लेकराला भोगावं लागलं गं. मनात राग नको ठेवूस."

"असू द्या आई," मी म्हणाले, "मी नाही मनात ठेवलं काही."

त्यानंतर त्या पुष्कळदा आल्या. दर वेळी हातपाय धुऊन, बाळाला घ्यायच्या आधी, मला विचारायच्या — घेऊ का गं? आणि मी मोठ्या मनानं हो म्हणायचे.